प्रयोग दुसऱ्यांदा जमला पाहिजे: सांगलीत बसून डिझाइन करणं आणि ऑनलाइन विकणं

सांगली-मिरजेच्या परिसरात काम करणाऱ्या चित्रकाराला विषयांची वाण नाही. हळदीचे फड, हरिपूरचा कृष्णा-वारणेचा संगम, १९२९ सालचा आयर्विन पूल, मिरजेची तंतुवाद्यं, तासगावकडचे द्राक्षांचे मांडव. अडचण पुढे येते. चित्र छान उतरतं, इन्स्टाग्रामवर टाकल्यावर चार जण 'मला पण हवंय' म्हणतात, आणि दुसरी प्रत पहिलीसारखी निघत नाही. पिवळा कुठल्या प्रमाणात केला होता ते आठवत नाही, तो कागद मिळत नाही, फाइल मोठी केली की फुटते. ऑनलाइन विकताना गिऱ्हाईक फक्त फोटो बघून पैसे देतं. फोटोतलीच वस्तू त्याच्या हातात पडली पाहिजे. म्हणून प्रयोग विकायचा असेल तर तो पुन्हा करता येईल अशा रीतीनेच सुरू करावा. इथे हळद हा एकच विषय घेऊन कागदापासून कुरिअरच्या नळीपर्यंतची वाट मांडली आहे. विषय बदलला तरी पायऱ्या याच राहतात.

आधी रोप बघा

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे हळदीवरच्या डिझाइनला 'सांगलीचं' म्हणून नाव आहे. पण इंटरनेटवरून संदर्भ घेतला की घोटाळा होतो. 'हळदीचं फूल' म्हणून जे गडद गुलाबी, कमळासारखे फोटो सापडतात, त्यातले बरेचसे थायलंडकडच्या शोभेच्या जातीचे असतात. आपल्या शेतातल्या हळदीचा तुरा पानांच्या मधोमध येतो. खालची पानं-पाकळ्या फिकट हिरव्या, वरच्या पांढऱ्या, कधी टोकाला किंचित गुलाबी, आणि खरं फूल म्हणजे खालच्या हिरव्या कप्प्यांतून डोकावणारं लहान पिवळं. पानाला मधली जाड शीर आणि तिच्यापासून तिरक्या, एकमेकींना समांतर जाणाऱ्या बारीक शिरा. जमिनीखाली गोल जेठा गड्डा आणि त्याला फुटलेली लांबट हळकुंडं, प्रत्येकावर आडवी वलयं. आलं चपटं, पंजासारखं फाटे फुटलेलं असतं; हळकुंड बोटासारखं गोलसर. हा फरक चुकला तर शेतकरी घरातलं गिऱ्हाईक एका नजरेत ओळखतं, आणि या विषयाचं सगळ्यात जिव्हाळ्याचं गिऱ्हाईक तेच आहे. पोस्टवर एक टिप्पणी आली की पुढची विक्री थांबते.

तंबोऱ्याचंही तसंच. साध्या तंबोऱ्याला चार तारा, घोडीच्या पुढे स्वर बारीक जुळवायचे मणके, आणि भोपळा व दांडी यांच्या जोडावर नक्षी. सात-आठ तारा ओढून 'तंबोरा' असं नाव दिलं तर मिरजेत ते खपणार नाही.

स्केच करताना एकाच रोपाच्या तीन गोष्टी वेगवेगळ्या पानांवर काढा: पान, तुरा, गड्डा. पूर्ण रोपाचं एकच मोठं चित्र भिंतीवर शोभतं, पण कापडावर किंवा कार्डावर फिरवता येत नाही. सुटे भाग असले की एकाच मेहनतीतून पाच-सहा वस्तू निघतात.

खऱ्या हळदीचा रंग

हळदीचं चित्र खऱ्या हळदीनेच रंगवावं हा मोह सगळ्यांनाच होतो. तो प्रयोग जरूर करावा. मूळ प्रत मात्र विकू नये.

हळदीला पिवळा रंग देणारा कर्क्युमिन पाण्यात जेमतेम विरघळतो, स्पिरिटमध्ये चांगला. एक चमचा हळद, म्हणजे अंदाजे ५ ग्रॅम, ५० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हलवून तासभर निवळू द्या, वरचा अर्क दुहेरी सुती कापडातून गाळून घ्या. गॅस किंवा निरांजन जवळ नको, खिडकी उघडी हवी. हा अर्क ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) सुती कागदावर रुंद ब्रशने एकाच दिशेने लावा आणि सावलीत वाळवा. मग अर्धा चमचा धुण्याचा सोडा १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्याने चित्र काढा. रेघ पडताक्षणी विटकरी लाल होते. हळद आणि क्षार यांचं हे नातं आपल्याकडे कुंकवामुळे जुनंच माहितीचं आहे. खाण्याचा सोडा वापरला तर रंग मिळमिळीत उतरतो, कारण त्याचा क्षार सौम्य. लाल रेघेवर लिंबाचा रस फिरवला की ती पुन्हा पिवळी. दोन द्रावणं आणि एक कागद यांत तीन-चार छटा मिळतात आणि कडांना असा विरघळता पोत येतो की तो संगणकावर ओढून-ताणून करता येत नाही.

आता त्यातली मेख. कर्क्युमिन उजेडात तुटतो. उन्हात ठेवलेला कागद दिवसभरात फिका दिसायला लागतो, खोलीतल्या उजेडात काही आठवड्यांत. तुरटीने छटा थोडी बदलते, कापडावर रंग धरतोही बरा, पण उन्हापुढे तीही टिकाव धरत नाही. लाल रेघाही हवेतल्या आम्लाने आणि उजेडाने हळूहळू तपकिरी होतात. कापडावर हळद छापून 'नैसर्गिक रंग' म्हणून विकलं आणि गिऱ्हाइकाने साबणाने धुतलं, तर साबणाच्या क्षाराने कापड लालसर डागांचं होतं. ते परत येणारच, आणि गिऱ्हाइकाचं म्हणणं बरोबर असतं.

मग या प्रयोगाचा उपयोग काय? कागद वाळला की त्याच दिवशी स्कॅन करायचा. विकायचा तो स्कॅन, टिकाऊ शाईत छापलेला. मूळ कागद काळ्या पाकिटात ठेवा. वहीत हळदीचा प्रकार, अर्काचं प्रमाण, कागद, सोड्याचं प्रमाण आणि स्कॅन किती तासांनी केला एवढं लिहा. बाजारातल्या दोन दुकानांच्या हळदींत रंगाचा फरक पडतो, म्हणून एकाच पुड्यातली १०० ग्रॅम हळद फक्त कामासाठी बाजूला काढून ठेवलेली बरी.

लिनो: हाताने छापलेली प्रत

हाताने छापलेली, मर्यादित प्रतींची वस्तू ऑनलाइन अजूनही सगळ्यात जास्त मान मिळवते, आणि लिनोकट, म्हणजे मऊ लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून, शाई लावून छापणं, हा त्यातला परवडणारा मार्ग. छापखाना नको, यंत्र नको. ३ मिलिमीटर जाडीचा लिनो, दोन-तीन कोरण्या, एक रोलर, शाई पसरायला एक काच आणि कागद मागून घासायला लाकडी पळी.

लिनो ताजा हवा. जुना लिनो कडक होतो आणि कोरताना त्याचे तुकडे उडतात. थंडीत सकाळी कोरायला बसाल तर पाच मिनिटं उन्हात ठेवून मऊ करा. चित्र उलटं उतरवावं लागतं. 'हळद' हा शब्द घातला असेल तर तो उलटाच कोरायचा, शिरोरेघेसकट. ट्रेसिंग पेपरवर काढून तो पालथा घालणं हा सगळ्यात सुरक्षित उपाय. आधी व्ही आकाराच्या बारीक कोरणीने सगळ्या कडा आखून घ्या, मग यू आकाराच्या रुंद कोरणीने रिकामी जागा काढा. रेघेच्या दोन्ही बाजू बाहेरच्या अंगाला उतरत्या राहिल्या पाहिजेत. कोरणी रेघेच्या पोटात शिरली तर ती रेघ पोकळ राहते आणि पाच-दहा छापांनंतर पडते. हळदीच्या पानांच्या समांतर शिरांत नेमकं हेच होतं. त्या शिरा उठावाच्या न ठेवता खोदलेल्या, म्हणजे छापात पांढऱ्या, ठेवल्या तर काम अर्धं होतं आणि ब्लॉकही टिकतो. ब्लॉक धरणारा हात कायम कोरणीच्या मागे. हातावरचे बहुतेक काप पुढे ठेवलेल्या हातावरच बसतात.

शाई काचेवर पसरताना रोलरचा आवाज ऐका. बारीक, एकसारखी चरचर आली की शाई बरोबर. ओला, चिकट, ओढल्यासारखा आवाज आला तर जास्त झाली, आणि मग बारीक खाचा भरून जातात. पातळ थर दोन-तीनदा चढवावा, एकदाच जाड लावू नये. कागद १२० ते १८० जीएसएमचा, गुळगुळीत. पुण्याच्या हातकागद संस्थेसारखा हातकागद वापरायचा तर तो खडबडीत असल्याने कोरड्यावर पांढरे ठिपके राहतात. स्पंजने ओलसर करून, टीपकागदात तासभर दाबून ठेवला आणि तेलाची शाई वापरली की छाप भरीव येतो. पाण्याच्या शाईला ओला कागद चालत नाही, कडा फुटतात.

शाई कुठली, हे आपल्याकडे ऋतू ठरवतो. एप्रिल-मेमध्ये पाण्याची शाई काचेवरच वाळायला लागते, कागद ब्लॉकला चिकटतो आणि उचलताना फाटतो. पहाटे छापा, पंखा बंद ठेवा, शाईत रिटार्डरचे (वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचे) किंवा ग्लिसरीनचे थोडे थेंब घाला. पावसाळ्यात उलट. तेलाची शाई हवेतल्या ऑक्सिजनने वाळते आणि तिला एरवी दोन ते सात दिवस लागतात. दमट हवेत दहा-बारा दिवसही जातात. ऑर्डर घेताना हे दिवस धरलेच पाहिजेत. वरून कोरडी वाटणारी प्रत पाकिटात घातली तर बटरपेपरला चित्राची सावली उमटते.

रंगाचं प्रमाण चमच्यात लिहून काही साधत नाही. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या. 'पिवळा २० ग्रॅम, लाल १.५ ग्रॅम, एक्स्टेंडर ५ ग्रॅम' (एक्स्टेंडर म्हणजे शाई फिकी करणारं पारदर्शक मिश्रण) अशी नोंद आणि शेजारी त्याच कागदावर रोलरचा एक पट्टा. सहा महिन्यांनी कुणी तीच प्रत मागितली की ही वहीच कामाला येते.

दोन रंग करायचे असतील तर एकाच ब्लॉकवर आधी फिका रंग छापून, मग आणखी कोरून गडद छापायची पद्धत सुंदर आहे. पण त्यात ब्लॉक संपतो, तीच प्रत पुन्हा निघत नाही. तिथे प्रतींचा आकडा आधीच ठरवा आणि पहिल्या रंगाच्या प्रती त्या आकड्याच्या पाचव्या हिश्श्याइतक्या जास्त छापा, कारण जुळणीत काही बिघडतातच. सतत विकायच्या डिझाइनला मात्र प्रत्येक रंगाचा स्वतंत्र ब्लॉक हवा. जुळणीसाठी पुठ्ठ्याचा काटकोन फळीवर चिकटवा. ब्लॉक आणि कागद दोन्हींची जागा त्यानेच ठरते. प्रतीखाली पेन्सिलने ७/३० असा क्रमांक घातला की तीसनंतर एकतिसावी छापायची नाही. हा शब्द पाळलाच पाहिजे.

साठवणीबद्दल थोडं. सांगलीने २००५ आणि २०१९ चे पूर पाहिले आहेत. नदीकाठच्या वस्तीत कागद, ब्लॉक आणि मूळ चित्रं तळमजल्यावर ठेवू नयेत, आणि फाइलींची एक प्रत घराबाहेर असावी. पावसाळ्यात कागद झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा, नाहीतर बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात आणि ते निघत नाहीत.

स्कॅन आणि फाइल

मोबाइलचा फोटो पोस्टसाठी ठीक, छपाईसाठी नाही. फ्लॅटबेड स्कॅनर घ्या किंवा झेरॉक्सच्या दुकानातला वापरा, पण ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) आणि टिफ या फाइलप्रकारात. १५ सेंटिमीटरचा ब्लॉक ६०० ला स्कॅन केला की सुमारे ३५४० पिक्सेल मिळतात. ३०० डीपीआयने ए३ छापायला ३५०८ × ४९६१ लागतात. म्हणजे तेवढ्या ब्लॉकवरून ए३ च्या रुंदीपर्यंत फुटल्याशिवाय जाता येतं, त्यापुढे नाही.

स्कॅनरची 'आपोआप सुधारणा' आधी बंद करा. हळदीचा पिवळा कागद बघून यंत्राला वाटतं की पांढऱ्या कागदाला डाग पडलाय, आणि ते सगळी पिवळाई काढून टाकतं. कागदाशेजारी कोऱ्या पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवून स्कॅन करा, म्हणजे नंतर रंग त्या पट्टीवरून जुळवता येतो. प्रिंटरला जोडून येणाऱ्या स्वस्त स्कॅनरना काचेपासून जरा वर उचललेला कागद धूसर दिसतो. पाण्याने वाकलेला कागद आधी जड पुस्तकांखाली दोन दिवस दाबा.

स्वच्छ करायला गिंप, क्रिता, इंकस्केप ही मोफत सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. लिनोच्या छापाला इंकस्केपमध्ये व्हेक्टर (मोठी केली तरी न फुटणारी फाइल) करताना बारीक ठिपके गाळण्याची सोय फार वर नेऊ नका. शाईचा तो कणीदार पोत गेला की हाताने छापल्याची खूणच जाते, आणि गिऱ्हाईक त्यासाठीच पैसे देत असतं.

जोड न दिसणारी नक्षी

कापड, वेष्टनाचा कागद, वहीचं कव्हर यांसाठी एकच चौकोन चारही बाजूंना जुळत गेला पाहिजे. ३६०० × ३६०० पिक्सेलचा कॅनव्हास घ्या, म्हणजे ३०० डीपीआयला १२ इंच. मधोमध मोठे भाग मांडा, कडांना काहीही टेकू देऊ नका. मग गिंपमध्ये ऑफसेट वापरून १८०० आडवं आणि १८०० उभं सरकवा. चारही कोपरे मध्ये येतात आणि रिकामा अधिक-चिन्हाचा पट्टा दिसतो. तो छोट्या पानांनी, हळकुंडांनी भरा. क्रितात सलग-मांडणीची सोय आहे, तिथे चौकोन चारही बाजूंना चालू असलेला दिसतो आणि जोडावरूनच चित्र काढता येतं.

सरळ चौकटीत मांडलेली नक्षी कापडावर रांगा दाखवते. शेजारचा स्तंभ अर्ध्या उंचीने खाली सरकवला की डोळा रांग धरत नाही. त्यासाठी दुप्पट रुंद चौकोन करून त्यात दोन स्तंभ मांडा, दुसरा १८०० ने खाली. तयार झाल्यावर तीन बाय तीन मांडून पडद्यावर लहान करा आणि चार पावलं मागे जाऊन बघा. जवळून न दिसणाऱ्या रिकाम्या गल्ल्या लांबून लगेच दिसतात. हळदीत हा दोष हमखास येतो, कारण सगळी पानं वरच्याच दिशेला काढली जातात. एक तृतीयांश तरी आडवी किंवा खाली झुकलेली असू द्या.

जोडावर केसाएवढी पांढरी रेघ आली तर बहुतेक वेळा दोन कारणं असतात: चौकोनाचं माप पूर्ण पिक्सेलमध्ये बसत नाही, किंवा कडेवरचे पिक्सेल अर्धे पारदर्शक राहिलेत. पार्श्वभूमी ठोस रंगाने कडेपलीकडे भरा आणि मग कापा.

कापड आणि टी-शर्ट

कापड स्वतः छापायचं तर इचलकरंजी जवळ आणि विटा जिल्ह्यातच. मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाला खळ असते, ती रंग आत शिरू देत नाही. धुण्याचा सोडा आणि साबण घालून उकळून, खळ काढूनच छापा. पिगमेंट (न विरघळणारी रंगाची पूड) आणि बाइंडर (तिला कापडावर धरून ठेवणारा चिकटा) वापरून ब्लॉकने छापल्यावर दोन दिवस वाळू द्या आणि मग सुती कापडासाठीच्या तापमानावर ठेवलेल्या इस्त्रीने उलट बाजूने तीन ते पाच मिनिटं जागा बदलत शेका, नाहीतर पहिल्या धुण्यात रंग उतरतो.

डिजिटल छपाईला देताना कुठली शाई हे विचारा. रिॲक्टिव्ह सुतीवर उत्तम, पण वाफ आणि धुणं लागतं आणि कापड तीन ते पाच टक्के आटतं. रुमालाचं माप त्या हिशोबाने वाढवून द्या. पिगमेंट सोपं, मात्र गडद भाग घासला की थोडा उतरतो. सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने वाफ होऊन धाग्यात शिरणारी शाई, फक्त पॉलिस्टरला. सुती टी-शर्टवर ते टिकत नाही, कुणी काहीही सांगितलं तरी.

ऑर्डरप्रमाणे छापून देणाऱ्या कंपन्यांकडे टी-शर्टची फाइल बहुतेक ४५०० × ५४०० पिक्सेलची, पारदर्शक पीएनजी मागतात. गडद कापडावर आधी पांढरा थर छापला जातो. तुमच्या फाइलमध्ये मऊ सावली किंवा अर्धपारदर्शक कडा असेल तर तिथेही पांढरा थर पडतो आणि चित्राभोवती मळकट वलय दिसतं. कडा पूर्ण ठोस करा, फिकेपणा हवा असेल तर ठिपक्यांनी दाखवा. पडद्यावरचा झगझगीत नारिंगी आणि पोपटी कागदाच्या चाररंगी छपाईत मंद पडतात. हळदीचा पिवळा बरा येतो, त्याच्या शेजारचं हिरवं पान मात्र हमखास करपल्यासारखं दिसतं. एकाच ए४ वर हिरव्याच्या बारा छटा क्रमांक घालून छापून घ्या आणि त्यातूनच निवडा.

विक्रीला ठेवण्याआधी प्रत्येक वस्तूचा एक नमुना स्वतः मागवा, पाच वेळा धुवा. हा खर्च टाळू नये.

किंमत, पाकीट, यादी

एक हिशोब उदाहरणादाखल. लिनोची ए४ प्रत ६०० रुपयांना. कागद-शाई ६०, बिघडलेल्या प्रतींचा भार ६, पॅकिंग ४५, कुरिअर ९०, विक्री-मंच आणि पैसे स्वीकारण्याचा खर्च १० टक्के म्हणजे ६०. उरतात ३३९. तीसही विकल्या तर १०,१७०. कोरायला १२ तास, छापायला ८, आणि प्रत्येक ऑर्डरला बोलणं-बांधणं मिळून पाव तास: एकूण २७.५ तास. तासाला साधारण ३७० रुपये. पंधराच विकल्या तर छापलेल्या तीसचा खर्च अंगावर असतो आणि तासाला १७२ च्या आसपास पडतात. किंमत ठरवताना हा दुसरा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा. '६०० जास्त वाटतात का' या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

कुरिअरवाले खऱ्या वजनाबरोबर आकाराचंही वजन धरतात: लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. ४५ × ७.५ × ७.५ ची नळी ०.५०६ किलो भरते आणि अर्ध्या किलोच्या पुढच्या दरात जाते. तीच ७ × ७ ची असेल तर ०.४४१. अर्ध्या सेंटिमीटरने दर बदलतो, म्हणून नळ्या विकत घेण्याआधी गणित करा. ए४ पर्यंतच्या प्रती नळीत घालूच नका; दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये, आतून प्लॅस्टिकच्या पाकिटात पाठवा. पावसाळ्यात तर प्लॅस्टिक हवंच.

एट्सी या अमेरिकी विक्री-मंचावर प्रत्येक वस्तू टाकायला ०.२० डॉलर, चार महिन्यांनी पुन्हा तेवढेच, आणि विक्रीवर ६.५ टक्के, पैसे स्वीकारण्याचं शुल्क वेगळं. तिथे १३ टॅग (गिऱ्हाइकाला वस्तू सापडावी म्हणून द्यायचे शब्द) मिळतात, प्रत्येकी २० अक्षरांपर्यंत. 'सुंदर', 'कला' असले शब्द वाया जातात. माणसं वस्तू, जागा आणि प्रसंग शोधतात: स्वयंपाकघराची भिंत, हळदी समारंभाची पत्रिका, परतभेटीची चिठ्ठी. आपल्याकडे हळदी समारंभ हा या डिझाइनचा खरा हंगाम आहे. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि पत्रिका त्याआधी महिना-दोन महिने ठरतात, म्हणून गणपतीपर्यंत वस्तू यादीत हव्यात. फोटो उत्तरेच्या खिडकीशी, ट्यूबलाइट बंद करून काढा, आणि एका फोटोत प्रत हातात धरलेली असू द्या. माप कितीही लिहिलं तरी लोक वाचत नाहीत.

कर आणि हक्क

अमेरिकी मंचांकडून रॉयल्टी मिळणार असेल तर डब्ल्यू-८बीईएन या, अमेरिकेबाहेरच्या व्यक्तीने भरायच्या करफॉर्ममध्ये पॅन देऊन भारत-अमेरिका कराराचा लाभ मागा. रॉयल्टीवर ३० टक्क्यांऐवजी १५ टक्के कापले जातात. महाराष्ट्रात वस्तूंसाठी जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा ४० लाखांची आहे, पण माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल लहान असली तरी नोंदणी लागते. ठरावीक हस्तकला वस्तूंना सवलत आहे. मर्यादेखालच्या विक्रेत्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन मंचावर राज्यातल्या राज्यात नोंदणीशिवाय, नावनोंदणी क्रमांक घेऊन विकता येतं. आपली वस्तू कशात बसते ते सीएला वस्तू दाखवून विचारा.

हक्कांचं कलम चित्रकारांना फार कमी माहीत असतं आणि तेच सर्वांत महागात पडतं. चित्रावर लेखाधिकार (कॉपीराइट) आपोआप असतो, हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १५ सांगतं की डिझाइन कायद्याखाली नोंदता येण्यासारखं डिझाइन नोंदलं नाही आणि ते वस्तूवर औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त वेळा उतरवलं गेलं, तर त्या डिझाइनवरचा लेखाधिकार संपतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली सोफ्याच्या कापडावरच्या नक्षीबाबत हाच अर्थ लावला. भिंतीवर लावायच्या मूळ चित्राचा हक्क राहतो. उशीच्या अभ्र्यावरची हळदीची नक्षी मात्र एक्कावन्नाव्या अभ्र्यानंतर कुणीही उचलू शकतं.

उपाय २००० च्या डिझाइन कायद्यात आहे. एकट्या व्यक्तीला अर्जाचं शुल्क १,००० रुपये, संरक्षण दहा वर्षं आणि पुढे पाच वर्षं वाढवता येतं. अट अशी की डिझाइन अर्जाआधी कुठेही जाहीर झालेलं नसावं. इन्स्टाग्रामची एक पोस्ट, प्रदर्शनातला एक नमुना, यादीत टाकलेला एक फोटो, एवढ्यानेही नवेपणा जातो. नोंदणी वस्तूच्या वर्गानुसार होते, त्यामुळे कापडासाठी केलेली चहाच्या मगला लागू पडत नाही. दर डिझाइनला हा खर्च करण्यात अर्थ नाही. कागदावरच्या मर्यादित प्रतींना त्याची गरज नसते. जी नक्षी कापडावर शेकड्याने छापायची ठरली असेल तेवढीच निवडा, तिचे स्कॅन कुणालाही दाखवण्याआधी अर्ज करा, अर्जाचा क्रमांक हातात आला की मगच नमुन्याचे फोटो काढून यादीत टाका.